थर्मामीटर न लावता सूर्याचा ताप: एनिसच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

काल इस्रोचं सूर्ययान आदित्य-एल१ ठरल्या जागी पोहोचलं आणि आज सकाळी देवगडहून बाबांचा फोन. "अगं, ते यान आता सूर्याचा ताप मोजणार म्हणतात. मग तुझ्या कॅमेऱ्याला काय काम उरलं?"

काम उरलंय. ८ एप्रिलचं खग्रास ग्रहण आमच्या डॅलसवरून जातंय. दक्षिणेला तासाभरावर एनिस नावाचं गाव आहे, तिथे खग्रास स्थिती चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास टिकेल. आदित्यला हे ग्रहण दिसणारच नाही, कारण ते जिथे आहे तिथून चंद्र सूर्याच्या आड येत नाही. त्याच्यावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने केलेली स्वतःची तबकडी आहे, ती रोजच सूर्य झाकते. माझ्याकडे तबकडी म्हणून चंद्र, तोही चार मिनिटांसाठी उसना.

मोजायचं काय, ते आजच लिहून ठेवते, नाहीतर मार्चपर्यंत प्रकल्पाचा पसारा होईल. करोनात एका घन सेंटीमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती, आणि तिथलं तापमान किती. (घरात 'करोना' हा शब्द अजून कुणाला गोड लागत नाही, पण 'प्रभामंडल' फाइलच्या नावात मावत नाही.) सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग ५,७७२ केल्व्हिन, आणि त्याच्यावर पसरलेला हा विरळ पदर दहा लाखांच्या पुढे. करोनाचा पांढरा उजेड त्याचा स्वतःचा नसतो. सूर्याचाच प्रकाश मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आपल्याकडे वळतो, मूळ बिंबाच्या दहा लाखांश तेजाने. जितके इलेक्ट्रॉन तितका उजेड. म्हणजे फोटोतला उजेड मोजणं ही शिरगणतीच.

२० जानेवारी, शनिवार

अडचण अशी, की त्या उजेडात धुळीवरून आलेला प्रकाशही मिसळलेला असतो. सुटका ध्रुवणात, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेत हलते त्यात आहे. इलेक्ट्रॉनवरून वळलेला प्रकाश ध्रुवित होतो, त्याची दिशा सूर्याच्या कडेला समांतर. धुळीवरचा प्रकाश सूर्याच्या आसपास तरी जवळपास अध्रुवित राहतो. म्हणून पोलरायझर (एकाच दिशेच्या लहरी सोडणारी काच) ०, ६० आणि १२० अंशांवर फिरवून तीन फोटो घ्यायचे आणि तिन्हींतल्या फरकातून फक्त इलेक्ट्रॉनांचा वाटा काढायचा.

दुकानात मिळतो तो 'सर्क्युलर' पोलरायझर. आधी वाटलं, हा नको, साधा रेखीय हवा. मग लक्षात आलं की त्याचा पुढचा थर रेखीयच असतो. मागचा थर प्रकाशाची दिशा घोळवून टाकतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या आतल्या काचांची आवडनिवड मापात शिरत नाही. उलट बरंच झालं. ५०० मिमी लेन्स, एका पिक्सेलमागे सुमारे १.६५ कोनीय सेकंद, सूर्याची त्रिज्या ५८० पिक्सेल.

११ फेब्रुवारी, रविवार

पोलरायझर फिरवायच्या रिंगला तीन खाचा हव्यात, अंधारात हाताला कळतील अशा. थ्री-डी प्रिंटरवर चौथ्या प्रयत्नात जमली. नेमक्या कोनावर 'टक' असा आवाज येतो.

तपासणी लॅपटॉपवर. पडद्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो, त्यामुळे पांढरी खिडकी उघडून समोर पोलरायझर फिरवला की उजेड कोसाइनच्या वर्गाने चढतो-उतरतो. तिन्ही खाचा अर्ध्या अंशाच्या आत बसल्या. इतकं नेमकं जमलं की थोडी शंकाच येते.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज आकडेमोडीची कोरडी तालीम. बाउमबाख यांनी १९३७ मध्ये जुन्या ग्रहणांच्या फोटोंवरून करोनाच्या घनतेचं सूत्र बसवलं, पुढे ॲलन यांनी ते सुधारलं. त्यात सूर्याच्या केंद्रापासून १.१ त्रिज्येवर घन सेंटीमीटरला १५.६ कोटी इलेक्ट्रॉन येतात, दीड त्रिज्येवर १.६ कोटी. कोटी म्हटल्यावर दाट वाटतं. आपल्या खोलीतल्या तेवढ्याच हवेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. त्यापुढे करोना म्हणजे कसबसं जुळवलेलं निर्वात.

आता तापमान. गरम वायू गुरुत्वाला न जुमानता उंच फुगतो, थंड वायू तळाशी दबून बसतो. म्हणून घनता उंचीबरोबर किती झपाट्याने घटते यावरून तापमान निघतं. घनतेचा नैसर्गिक लॉग एका अक्षावर, अंतराचा व्यस्त दुसऱ्या अक्षावर. वायू स्थिर असेल आणि सगळीकडे तापमान एकच असेल, तर सरळ रेषा येते. सूर्याचं पृष्ठीय गुरुत्व २७४ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि कणाचं सरासरी वजन प्रोटॉनच्या ०.६ पट धरलं, की १३८ ला त्या रेषेच्या उताराने भागायचं, उत्तर थेट लाख केल्व्हिनमध्ये.

वरच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर ९.७५, लॉग २.२८, व्यस्तांतला फरक ०.२४२. उतार ९.४. तापमान १४.७ लाख. पाच ओळींत! कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून चहा केला.

दहा लाख केल्व्हिनला वायूचा फुगवटा ५०,००० किलोमीटर येतो. तेवढं वर गेलं की घनता साधारण एक-तृतीयांश होते. करोना ५,७७२ केल्व्हिनवर असता तर हाच फुगवटा तीनशे किलोमीटरवर आला असता आणि ग्रहणात चंद्राभोवती काही म्हणजे काही दिसलं नसतं. फोटोत करोना दिसतो, हाच तो तापलेला असल्याचा पुरावा.

२४ मार्च, रविवार

बाबा गुरुवारी आले. आज रात्री जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्रावर तालीम. करोनाचा एकूण उजेड पूर्ण चंद्राच्या साधारण निम्मा, त्यामुळे याहून चांगली रंगीत तालीम नाही.

एका फेरीत तीन कोन, दर कोनाला पाच फोटो, एक हजारांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत. अशा चार फेऱ्या. कॅमेरा संगणकाच्या ताब्यात, रिंग फिरवणं बाबांकडे. मी "साठ" म्हणायचं, त्यांनी फिरवून "टक" म्हणायचं. तीनदा बिनचूक झालं. "एसटीतल्या कंडक्टरचं काम दिलंस मला," म्हणाले. मग स्वतःच सांगू लागले, १९८० च्या ग्रहणात आजीने घराच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. देवगडला ते खंडग्रासच होतं, पण ओटीवरही येऊ दिलं नाही. अंकोल्याला जाऊन पाहून आलेल्या मास्तरांनी नंतर वर्गात फळ्यावर काढून दाखवलं, तेवढंच त्यांचं ग्रहण.

७ एप्रिल, रविवार

अंदाज वाईट. ढग. तरी जायचं.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी सातला एनिस. रस्त्याकडेला निळ्या ब्लूबॉनेटची शेतंच्या शेतं. वर ढगांचे तुकडे, मध्ये निळ्या फटी. दुपारी सव्वाबारानंतर चंद्र सूर्याला चावू लागला तेव्हा मी लेन्सवर ऊन मंद करणारी फिल्म लावून बिंबाचे फोटो घेत होते. ते मापाचा गज म्हणून लागतील.

एक चाळीसच्या सुमारास उजेड कसासाच झाला, ऊन होतं पण त्यातला जीव गेल्यासारखं. हिऱ्याची अंगठी. फिल्म काढली. पहिली फेरी स्वच्छ. दुसऱ्या फेरीत साठ अंशांवर असताना बाबा ओरडले, "ढग इलो गो!" पातळ होता, पंचवीसेक सेकंदांत सरकला, पण सरकेपर्यंत कॅमेरा आपलं काम करत राहिला. तिसरी फेरी. चौथी फेरी. शेवटची वीस सेकंद मी मान वर केली.

चंद्राच्या खालच्या कडेला गुलाबी ठिणगी होती, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. सौरज्वाला. आणि करोना चहूबाजूंनी पसरलेला, सूर्यचक्राच्या शिखरावर असतो तसा, पाकळ्या मोजता येणार नाहीत असा. कुत्री भुंकत होती की माणसंच, कळत नव्हतं.

साठ फोटो. संध्याकाळी परतीच्या कोंडीत चार तास.

१३ एप्रिल, शनिवार

आठवडाभराची मेहनत वाया, आणि चूक शुद्ध माझी. सगळे फोटो चंद्राच्या काळ्या कडेवर जुळवले होते. कड धारदार, प्रोग्रामला सहज सापडते. पण निकालात करोनाच्या शिखा (त्याच पाकळ्या) पुसट, जणू कुणी बोट फिरवलंय.

चंद्र सूर्यासमोरून सरकत असतो! या ग्रहणात त्याचं बिंब सूर्याच्या १.०५६६ पट होतं. व्यासांतला हा फरक १०८ कोनीय सेकंद, आणि तो पार करायला २६० सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.४ कोनीय सेकंद, एका फेरीत जवळपास पंधरा पिक्सेल. मी चंद्राला खिळवलं आणि सूर्य घसरू दिला. आता शिखांच्या रेघांवरूनच जुळवणी करतेय. त्रिज्याही सूर्याची धरायची, चंद्राची नाही.

एक फायदा लक्षात आला. ग्रहण लागताना सूर्याची पूर्व कड सगळ्यात शेवटी झाकली जाते, त्यामुळे पहिल्या फेरीत पूर्वेचा अगदी तळाचा करोना मिळतो. तिथे एक ठळक शिखाही आहे. तीच मोजायची.

२८ एप्रिल, रविवार

आज ध्रुवणाच्या दिशेचा नकाशा काढला. प्रत्येक ठिकाणी छोटी रेघ, आणि प्रत्येक रेघ सूर्याच्या कडेला समांतर हवी. मडक्याला घातलेल्या वळ्यांसारखी.

पहिली फेरी अशी देखणी आली की मी बाबांना स्वयंपाकघरातून हाक मारली. दुसरी ढगाने खाल्लेली, ती तेव्हाच सोडली होती. तिसऱ्या फेरीत मात्र रेघा तिरक्या, आणि तिरकेपणा कडेभोवती फिरताना कमी-जास्त होत जातो. ढग असता तर असं पद्धतशीर झालं नसतं. तिसऱ्या कोनाची किंमत हळूहळू बदलत गेले, तर ११३ अंशांवर नकाशा सरळ झाला. रिंग खाचेत बसलीच नव्हती.

"बाबा, तिसऱ्या फेरीत शेवटचं टक ऐकू आलं होतं का?"

ते कांदा चिरत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मी वर बघत होतो गं."

११३ धरून ती फेरी वाचवता आली असती. पण रेघा समांतर असाव्यात हे गृहीत धरून कोन काढायचा आणि मग रेघा समांतर आल्या म्हणून खूश व्हायचं, ही आपलीच उत्तरपत्रिका आपण तपासण्याची गत. फेरी रद्द. पहिली आणि चौथी पुरेत.

१२ मे, रविवार

शुक्रवारी रात्री ध्रुवीय प्रकाश टेक्सासपर्यंत उतरला. लडाखमध्ये हानलेच्या आकाशातही तांबूस झाक दिसली. प्रकल्पाशी संबंध नाही, पण जो वायू मी पानावर मोजतेय तो इथवर येऊन पोहोचला होता, म्हणून नोंद.

१९ मे, रविवार

मापाच्या गजाचं काम. करोनाचा उजेड बिंबाच्या किती पट, हे कळायला फिल्ममधून घेतलेले बिंबाचे फोटो लागतात. फिल्मच्या पाकिटावर लिहिलंय, एक लाखांश प्रकाश सोडते. खरंच? पातळ्या बदलून, वेगवेगळ्या वेळांचे फोटो ताडून पाहिलं तर माझ्या कॅमेऱ्याच्या हिरव्या रंगात ती पाकिटापेक्षा थोडा जास्त प्रकाश सोडतेय, आणि किती जास्त हे मला वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे नेमकं सांगता येत नाही.

दिवसभर चिडचिड. घनतेतही तेवढीच चूक येणार. रात्री भांडी घासताना ट्यूब पेटली: तापमानाला काही होत नाही! सगळ्या घनता एकाच गुणकाने चुकल्या तर लॉगमध्ये अख्खी रेषा वर किंवा खाली सरकते, उतार तोच राहतो. शिरगणती सोपी आणि ताप मोजणं अवघड असं मी जानेवारीपासून धरून चालले होते. प्रत्यक्षात उलट निघालं.

१६ जून, रविवार

उलटगणित. फोटोतल्या एका ठिपक्यात समोरचे, मधले, मागचे असे सगळ्या थरांतले इलेक्ट्रॉन एकत्र आलेले असतात. ते सुटे करायची रीत व्हान दे हुल्स्ट यांनी १९५० मध्ये नीट बांधून दिली. मी ती कांद्यासारखी वापरतेय. सगळ्यात बाहेरचा पापुद्रा आधी, त्याचा वाटा वजा, मग आतला. बिंब मधे तेजस्वी आणि कडेला मंद असतं, तेही हिशेबात धरावं लागतं. शिखा म्हणजे काही गोल कांदा नव्हे, हे मान्य करूनच.

पहिलं उत्तर आलं २३ लाख. मोह झाला तसंच लिहायचा. पण रेषा बाहेरच्या टोकाला वर वळत होती, आणि वायू स्थिर असेल तर तिने तसं वळायचं कारण नाही. बाहेर खरा करोना इतका मंद असतो (दोन त्रिज्यांवर बिंबाच्या पाच कोटीव्या भागाइतका, तोही धूळ धरून) की आकाशाचा उजेड त्याला गिळतो. ग्रहणातलं आकाशही थोडं ध्रुवित असतं, ते मी वजाच केलं नव्हतं. बाहेर खोटे इलेक्ट्रॉन वाढले, उतार मंदावला, ताप चढला.

आकाश मोजायचं कुठे? चंद्राच्या काळ्या बिंबाच्या मधोमध. तिथे करोना नाही, जो काही उजेड आहे तो हवेतला आणि लेन्समधला. पृथ्वीप्रकाश असतो, पण फार कमी. त्या ठिपक्याचं ध्रुवण सगळ्या फोटोभर वजा केलं.

पूर्वेची शिखा: १.२ त्रिज्यांवर ११ कोटी, दीडवर २.४ कोटी. उतार ९.१, तापमान १५ लाख.
उत्तरेकडची काळसर फट: ४ कोटी आणि ५२ लाख. उतार १२.२, तापमान ११ लाख.

बाबा मागच्या आठवड्यात परतले. फोनवर सांगितलं. "मग फिल्मची चूक?" त्यांनी विचारलं. ती घनतेत आहे, बाबा, तापात नाही. "बरं."

१८ ऑगस्ट, रविवार

आज विजयदुर्गावर हेलियम दिन. बाबांनी साहेबाच्या कट्ट्याचा फोटो पाठवला. १८६८ च्या याच तारखेचं खग्रास ग्रहण किल्ल्यावरून दिसणारं होतं. लॉक्यर साहेबांनी हेलियम इथे शोधला असं आम्हाला सहलीत सांगायचे. लॉक्यर त्या दिवशी इंग्लंडातच होते, आणि वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये लंडनहून पाहिली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन मात्र खरोखर आले होते. हे बाबांना दर वर्षी सांगते, दर वर्षी ते म्हणतात, "असूदे."

माझ्या कामाची रेषा पुढच्या वर्षीची, ७ ऑगस्ट १८६९ ची. अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांना करोनात ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा दिसली. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' असं नवं मूलद्रव्य कल्पून झालं. सत्तर वर्षं ते चाललं. मग ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी दाखवलं की हे आपलं लोखंडच आहे, तेरा इलेक्ट्रॉन सोलून काढलेलं. एवढं सोलायला वीस लाखांच्या आसपास तापमान लागतं. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याचं वातावरण तापलेलं आहे, हे तेव्हा पटलं. आदित्यवरची व्हीईएलसी दुर्बीण आज हीच हिरवी रेषा पाहते.

२२ सप्टेंबर, रविवार

लोखंडाची साक्ष काढायचीच ठरवली. नासाच्या एसडीओ यानावरचा एआयए कॅमेरा दर बारा सेकंदांनी अतिनील फोटो घेतो, आणि ते सगळ्यांना खुले आहेत. १९३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फोटोत मुख्यतः अकरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड चमकतं, म्हणजे साधारण १५ लाख. २११ मध्ये तेरा गमावलेलं, २० लाख. ग्रहणाच्या वेळचे दोन्ही फोटो उतरवले. फोटो कडेपासून पाव त्रिज्येपलीकडे जात नाही, पण १.२ त्रिज्यांवरची माझी शिखा मावते. सनपाय या संगणक-प्रोग्रामने जुळवले, वर्षानुवर्षं मंदावत गेलेल्या फिल्टरची दुरुस्ती केली, दोन्हींच्या उजेडाचं गुणोत्तर काढलं. तापमान १७ लाख. उजेडावरून घनता काढली तर १६ कोटी.

माझे आकडे १५ लाख आणि ११ कोटी.

दोन दिवस दोन्हीकडच्या चुका शोधल्या. मग कळलं की चूक नसतानाही हे आकडे वेगळे येऊ शकतात. माझ्या फोटोत दर इलेक्ट्रॉनला एक मत आहे. एआयएमध्ये लोखंड चमकायला इलेक्ट्रॉनची धडक लागते, म्हणजे दोघं एकमेकांना भेटावे लागतात, त्यामुळे उजेड घनतेच्या वर्गाने वाढतो. दुप्पट दाट जागा चौपट चमकते. करोना सगळीकडे सारखा असता तर दोन्ही मापं जुळली असती. पण त्यात चुंबकीय क्षेत्राचे दाट, तापलेले तंतू आणि मध्ये रिकामी जागा असेल, तर एआयए तंतूंचंच ऐकतो आणि मी सगळ्यांची सरासरी काढते. घनतेतल्या फरकाचा थोडा दोष फिल्मवर टाकता येईल. तापमानातल्या फरकाचा नाही टाकता येत.

खेरीज माझ्या १५ लाखांमागे वायू स्थिर उभा आहे हे गृहीतक आहे. वर तर सौरवाऱ्याची सुरुवात होते. दीड त्रिज्येच्या पलीकडचे ठिपके मी रेषेतून काढून टाकले ते म्हणून.

१० नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात कोडेक्स नावाचं उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेलं. युक्ती ऐकून हेवा वाटला. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा करोनात दिसत नाहीत, कारण ज्या इलेक्ट्रॉनांवरून प्रकाश वळतो ते सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतात आणि रेषा फासून टाकतात. किती फासल्या, यावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान थेट निघतं. वायू स्थिर असल्याचं गृहीतक धरायची गरजच नाही. त्यासाठी ठरावीक जांभळ्या-निळ्या फिल्टरमधले फोटो लागतात. माझ्या लेन्सवर तिथे पुरेसा उजेडच उतरत नाही, बघून झालं.

चौथ्या फेरीतून पश्चिम कड मोजून झाली: १४ लाख, अधिक-उणे दोन. फाइल बंद करते.

१२ ऑगस्ट २०२६, बुर्गोस, स्पेन: खग्रास पावणेदोन मिनिटं, सूर्य मावळतीला टेकलेला. तेवढ्यात रिंग फिरवायला वेळ नाही. प्रत्येक पिक्सेलवर चार दिशांचे बारीक पोलरायझर असलेले सेन्सर मिळतात, सगळे कोन एकाच फोटोत. किंमत पाहिली. बाबांना विचारलं, येणार का. "मग मी काय करू तिथे?" म्हणाले. वर बघायचं.